परत घेतलेला भंडारा

बोलण्याआधी अण्णा उजव्या हाताचा पंजा छातीपर्यंत उचलायचे. समोरच्याला थांबवायला नव्हे, स्वतःलाच थांबवायला. मग म्हणायचे, "माझ्या माहितीपुरतं सांगतो." आणि त्यापुढं जे यायचं ते अगदीच साधं असायचं. कुणी विचारलं, "अण्णा, आज इस्लामपूरचा बाजार का?" तरी पंजा वर. "माझ्या माहितीपुरतं, व्हय."

गावातली टवाळ मंडळी मुद्दाम विचारायची, "अण्णा, तुमचं लगीन झालंय न्हवं?" अण्णा हसायचे, पण पंजा वर जायचाच. "ते घरात विचारा. तिथली माहिती पक्की असती."

खोटं न बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आपलं आजचं बोलणं उद्या खोटं ठरेल की काय, याची एवढी धास्ती घेतलेला माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. असा माणूस निवडणुकीला उभा राहिला. त्याचं काय झालं ते सांगायचं आहे.

आधी माझं थोडं. माझं गाव महाबळेश्वराच्या पलीकडे, डोंगरात. तिथं नाचणी आणि पाऊस सोडून दुसरं काही पिकत नाही. चौथीत शाळा सुटली. साताऱ्यात एका मोटारवाल्याकडे इंजिनं पुसता पुसता ती खोलायला शिकलो आणि विशीत खाली कृष्णाकाठी आलो. सांगलीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावरचं ते गाव. अण्णा तिथले जैन शेतकरी. नदीचं पाणी उसाला चढवायला त्यांनी तेलाचं इंजिन घेतलं होतं. "चालवता येतं का?" त्यांनी विचारलं. "येतं," मी म्हणालो. पंजा वर गेला. "बघू या. तुझ्या माहितीपुरतं येत असंल."

मी फार भित्रा होतो. इंजिन जरा खोकलं तरी मला वाटायचं, संपली नोकरी. एकदा ते सकाळपासून सुरूच होईना. ऊस माना टाकायला लागला. मी वळकटी बांधून ठेवली, म्हणजे निघ म्हणाले की लगेच निघता येईल. अण्णा आले, काठावर बसले, वळकटीकडे बघितलं. "लेका, माणसाला कंटाळा येतो. इंजिनला यायचा न्हाई व्हय? सोड ती वळकटी."

पुढं मला हिवताप झाला. अण्णांनी गाडीत घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. दर खेपेला वैनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, दिलेली भाताची पेज घेऊन ते खाटेशेजारी येऊन बसायचे. दुसरे पेशंट विचारायचे, "कोण हो तुमचे?" मला उत्तर देता यायचं नाही. मी त्या घरचा नव्हतो, जातीचा नव्हतो, तालुक्याचासुद्धा नव्हतो. अण्णाच सांगायचे, "आमच्या इंजिनाचं मालक हायत."

दुसरी मोठी लढाई संपली आणि जिल्हा लोकल बोर्डाची निवडणूक लागली. या वेळी आमच्या भागातून जो निवडून येईल तोच बोर्डाचा अध्यक्ष होणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. तेव्हा बोर्डाचा अध्यक्ष म्हणजे लहान गोष्ट नव्हती. रस्ते, शाळा, दवाखाने त्याच्या हातात. कलेक्टर उठून त्याला खुर्ची द्यायचा.

अण्णांना उभं केलं ते त्यांच्या धाकट्या भावानं. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. अण्णा जेवढे संथ तेवढेच भाऊसाहेब तापट. अण्णांना नाही म्हणायला जागाही नव्हती, कारण लोकांची खरंच इच्छा होती. बेचाळीसनंतरच्या धामधुमीत पोलिसांना हवी असलेली माणसं अण्णांच्या गुऱ्हाळात झोपून जायची. फौजदार चौकशीला आला तेव्हा अण्णांनी पंजा उचलला, "माझ्या माहितीपुरतं सांगतो," म्हणाले आणि पुढं काही बोललेच नाहीत. फौजदार वाट बघून बघून कंटाळला आणि निघून गेला. ही गोष्ट सगळ्या भागात पसरली होती.

समोर होते एक सुभेदार. नुकतेच लढाईवरून परत आलेले, ताठ पाठीचे, बोलण्यात निम्मं हिंदी. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. त्यातले जे परत आले नाहीत त्यांच्या बायकांच्या आणि आयांच्या पेन्शनी अडकल्या होत्या. सुभेदारांनी स्वतः कचेऱ्यांत उभं राहून त्या सुरू करून दिल्या. माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची असे. मतदारानं चिठ्ठी घ्यायची आणि आपल्या माणसाच्या रंगाच्या पेटीत टाकायची. सुभेदारांना लाल मिळाली, अण्णांना पिवळी. भाऊसाहेब खूश झाले. "हळदीचा रंग! आपल्या भागात दुसरं काय लागतं?"

प्रचाराला भाऊसाहेबांनी सांगलीहून एक जुनी मोटार भाड्यानं आणली. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं भट्टी. तिच्यात कोळसे पेटवून फुंकत बसायचं, डोळे लाल झाले की मोटार निघायची. इंजिनातला माणूस म्हणून ती मी चालवायची. त्यामुळे ते सगळे दिवस मी अण्णांच्या शेजारी होतो.

उमेदवार म्हणून अण्णांसारखा अवघड माणूस नाही. एक तर ते सूर्य मावळल्यावर जेवायचे नाहीत, पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. दिवस कलला की कुठल्या तरी शेतात मोटार थांबवून आम्ही भाकरी सोडायचो. अण्णा एक डोळा ताटावर आणि एक सूर्यावर ठेवून जेवायचे. तिकडं सुभेदारांच्या बाजूला मटणाच्या पंगती उठायच्या आणि त्यांची माणसं म्हणायची, "ह्यो उमेदवार उन्हं हायती तवर जेवतोय. निवडून आला तर साऱ्या तालुक्याला दुपारीच निजवंल."

एका गावी सभा दिवेलागणीला सुरू झाली. बोलता बोलता अण्णांचा घसा बसला. पाटलांनी मोठ्या अगत्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. नको म्हटलं तर पाटलांचा अपमान. प्यायलं तर नेम मोडतो. अण्णांनी तांब्या घेतला आणि सबंध भाषण तो हातात धरून केलं. लोकांचं भाषणाकडे लक्षच नव्हतं. सगळे तांब्याकडे बघत होते.

आणि भाषण तरी काय! "तुमच्या वढ्यावर पूल बांधीन, असं मी म्हणणार न्हाई. खटपट करीन. न्हाई झाला तर का न्हाई झाला, ते सांगायला हितंच यीन."

मागून कुणी तरी ओरडलं, "अण्णा, पूल ऱ्हाऊ द्या. बांधतो असं म्हना तरी! आमाला आजच्यापुरतं बरं वाटंल."

सभा हसली. अण्णाही हसले. पण बांधतो असं काही म्हणाले नाहीत.

मोटारीत बसल्यावर भाऊसाहेब भडकले. "आपण मतं मागाय आलोय का मयताला? एक शब्द द्याया काय जातंय तुमचं?"

"दिला आन् जमला न्हाई तर?"

"तर फुडच्या निवडणुकीत बघू की!"

"ते लोकं तवर वढ्यातनंच जातील न्हवं," अण्णा म्हणाले.

त्यानंतर भाऊसाहेबांनी मोटारीतून यायचं सोडलं. म्हणाले, तुम्ही फिरा, मी मागं राहून आपली बाजू बांधतो. आम्हाला बरंच वाटलं. कटकट गेली. बाजू बांधणं म्हणजे काय, हे त्यांना मी विचारायचं कारण नव्हतं आणि अण्णांना विचारायला सुचलं नाही. आम्ही दोघं कोळसे फुंकत गावं हिंडत राहिलो.

मतदानाच्या दिवशी बायका हळदकुंकू घेऊन आल्या. कित्येकांनी पिवळ्या पेटीला हात जोडले, डोळे मिटले आणि मग चिठ्ठी आत सोडली. मतदानाचे साहेब वैतागले, "अहो, हा देव्हारा नाही." आम्ही बाहेरून बघत होतो. मी अण्णांना म्हणालो, "बघा, लोकांची किती भक्ती आहे तुमच्यावर."

अण्णा निवडून आले. दणक्यात आले. गुलाल, हलगी, बैलगाड्या. गळ्यातल्या हारांमुळे त्यांना मान वळवता येईना. अध्यक्षाची निवड पुढच्या आठवड्यात साताऱ्याला होणार होती. वैनींनी ट्रंकेतला, डोक्याला बांधायचा जरीकाठी रुमाल काढून उन्हात टाकला. शिंप्यानं नव्या कोटाचं माप नेलं. त्या चार दिवसांत मी पहिल्यांदाच बिनघोर झोपलो. ज्याच्या आसऱ्याला आपण आहोत तो माणूस जिल्ह्याचा अध्यक्ष होणार, म्हणजे आपल्यालाही आता कुणी ऊठ म्हणणार नाही, असं काहीसं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी वरच्या आळीची म्हातारी आली. तिचा एकुलता मुलगा ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला होता. सून माहेरी गेली ती परतली नाही. लहान नातू आणि ती, दोघंच. मुलगा लढाईत गेलेल्या आईला पेन्शन होती आणि त्या पेन्शनीमुळे मतही होतं. ती सोप्यावर चढली नाही. खाली पायरीशीच बसली.

"वर ये की मावशी," अण्णा म्हणाले.

"न्हाई. माफी मागाय आलोय."

"कसली?"

"मी तुमाला मत दिलं न्हाई. सुबेदारास्नी दिलं."

अण्णा मोकळं हसले. "मग त्यात काय झालं? त्यांनी तुजी पेन्शन आणली. त्यांना दिलंस ते बरं केलंस."

"बरं कुटलं आण्णा? भंडारा उचलला हुता मी. पोरगं आता तापानं फणफणलंय. डोळं उघडंना. देवानं मला धरलं न्हाई, त्येला धरलं. मला मोकळं करा."

"कसला भंडारा?" अण्णांनी विचारलं.

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं ते तिची परीक्षा घेताहेत. मग तिला कळलं की त्यांना खरंच माहीत नाही, आणि ती आणखी घाबरली.

आमच्याकडे बेलाचं पान आणि खंडोबाची हळद तळहातावर घेऊन जो शब्द देतात, त्याला बेलभंडारा उचलणं म्हणतात. तो मोडला तर देव घर बघत येतो, अशी समजूत. भाऊबंदकीचे तंटे त्यावर मिटतात. कोर्टात खोटं बोलणारा माणूससुद्धा भंडाऱ्यावर बोलत नाही. आम्ही मोटारीतून हिंडत होतो तेव्हा भाऊसाहेब गुरवाला आणि भंडाऱ्याच्या ताटाला बरोबर घेऊन घरोघर गेले होते. पिवळ्या पेटीत चिठ्ठी टाकीन, असं एकेकाकडून वदवून घेतलं होतं. आमच्या गावात आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांतही.

अण्णांनी भावाला बोलावलं. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "हे खरं का?"

"खरं," भाऊसाहेब म्हणाले. "निवडणूक हाय ही. तुम्ही कुणाला शब्द द्याया तयार न्हाई. मग आम्ही लोकांकडनं शब्द घेतला."

"देवाम्होरं?"

"मग काय माझ्याम्होरं घिऊ? माझ्याम्होरं दिलेला शब्द कोण पाळतंय?"

अण्णांचा पंजा वर आला. काही बोलतील म्हणून आम्ही थांबलो. पण तो हात तसाच तोंडावर गेला. वैनी आतल्या दारात होत्या. त्यांनी बाहेर येऊन दोरीवरचा रुमाल काढला, घडी घातली आणि आत नेला. त्या घरातलं अध्यक्षपद त्या क्षणी संपलं, हे बाकी सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं असावं.

अण्णा म्हातारीला घेऊन देवळात गेले. ते जैन, खंडोबाच्या गाभाऱ्यासमोर उभं राहण्याची त्यांची पहिलीच वेळ असेल. गुरव खाली मान घालून होता. "म्हातारीला यातनं सोडवायचं कसं?" अण्णांनी विचारलं.

गुरव म्हणाला, "तुमच्या नावानं उचललाय आण्णा. तवा तुमीच मोकळं करायचं. त्यांनी तुमच्या हातावर सोडायचा, तुमी देवाच्या पायावर."

म्हातारीनं चिमूट उचलली. ती आधी कपाळाला लावली. अण्णांनी ओंजळ पुढं केली. ज्या माणसानं जन्मात शपथ घेतली नव्हती आणि कुणाला घातली नव्हती, तो दुसऱ्याची शपथ ओंजळीत घेऊन उभा होता. ती त्यांनी देवाच्या पायांवर सोडली आणि लगेच म्हणाले, "मावशी, देवाचं झालं. आता डाक्टरचं. पोराला घिऊन ये." मोटार होतीच. आम्ही पोराला मिरजेला नेलं. विषमज्वर होता. पोरगं वाचलं. कुणामुळे वाचलं ते म्हातारीनं कधी सांगितलं नाही. म्हणायची, दोघांनीबी हात लावला.

मिरजेहून परतताना अण्णांनी दवंडीवाल्याला सांगितलं, "ज्यांनी ज्यांनी माझ्या नावानं भंडारा उचलला त्यांनी उद्या देवळात यावं. मी परत घेणार हाय."

दुसऱ्या दिवशी अण्णा देवळाच्या पायरीवर उभे राहिले. कुणी येईना. समोरच्या पारावर माणसं बसली होती, विड्या ओढत होती, पण उठत नव्हती. येणं म्हणजे कबूल करणं. भ्यालो होतो, असं चारचौघांत सांगणं. पुष्कळ वेळानं एक गडी उठला, चांगला दांडगा, कुस्त्या मारणारा.

"आण्णा, भंडारा नसता तरी मी तुमालाच मत देणार हुतो."

"असंल."

"मग परत कशापायी घ्यायचा?"

"तू खुशीनं दिलंस का भ्यालास, हे आता तुलाबी कळायचं न्हाई आन् मलाबी न्हाई. त्येच्यापायी."

गड्यानं चिमूट त्यांच्या हातावर सोडली आणि वर न बघता निघून गेला. मग बाकीचे आले. एकेक करून, खाली बघत. कुणी पुटपुटलं, कुणी काहीच बोललं नाही. बायकांनी पदर पार नाकापर्यंत ओढले होते. अण्णा प्रत्येकाला हात जोडायचे आणि म्हणायचे, "चुकी आमच्या घरची हाय." त्यामुळे तर माणसं आणखीच मान घालायची. दुपारपर्यंत त्यांचे मनगटापर्यंतचे हात, धोतराचा सोगा, वहाणा, सगळं पिवळं झालं होतं. मी कट्ट्याखाली उभा होतो. मला जमीन नव्हती, मत नव्हतं. मी भंडारा उचलला नव्हता आणि कुणाला उचलायलाही लावला नव्हता. तरीपण मला वर बघवेना. एका माणसाच्या साधेपणापुढं एवढी माणसं ओशाळी होताना बघणं, हीसुद्धा आपलीच लाज असते, हे मला तिथं कळलं.

पुढं आम्ही कोळशाच्या मोटारीतून गावोगाव गेलो. ज्या गावांत मतं मागितली होती त्याच गावांत, त्याच क्रमानं. एका ठिकाणी कुणी तरी खवचटपणे म्हणालं, "आण्णा, भंडारा न्या म्हागारी. पर मत म्हागारी मिळत न्हाई म्हनं."

"त्याचीबी सोय करतो," अण्णा म्हणाले आणि साताऱ्याला जाऊन राजीनामा देऊन आले. अध्यक्षाची निवड त्यांच्याविना झाली. भाऊसाहेब वेगळे निघाले, घराच्या मधोमध भिंत घातली.

पुन्हा निवडणूक लागली. अण्णा उभे राहणार नव्हते. पण सुभेदार स्वतः घरी आले. खुर्चीवर न टेकता उभ्यानंच म्हणाले, "मैदान सोडायचं न्हाई आण्णा. दुश्मन पळून गेला म्हणून मिळालेली चौकी मी घेत न्हाई. बराबर लढा आन् मग काय हुईल ते हुईल."

अण्णांनी पंजा उचलला. मला वाटलं नकार येतो. पण ते म्हणाले, "मलाबी बघायचंय, खरी मतं किती हुती ते."

बस, त्यांना एवढंच हवं होतं. खुर्ची तर गेलीच होती. भीती नसताना लोक आपल्याला आपलं म्हणतात का, हे एकदा कळावं. मला तर शंकाच नव्हती. या वेळी मोटार गावात शिरली की लोक पाया पडायला यायचे. म्हातारी माणसं पोरांना पुढं करून सांगायची, "बघा रं, असा मानूस हुनार न्हाई." मी भट्टी फुंकता फुंकता अण्णांना म्हणायचो, "मागच्यापेक्षा जास्त मतं पडणार." ते काही बोलायचे नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर नाहीसुद्धा नसायचं.

अण्णा पडले. नुसते पडले नाहीत, लाजिरवाणे पडले. पिवळी पेटी उघडली तेव्हा मोजणाऱ्या कारकुनानं ती उलटी करून बुडावर थाप मारली, आत काही अडकलंय की काय म्हणून. आमच्या स्वतःच्या गावातसुद्धा तेच.

मला कळेना. मी गुरवाला गाठलं. "अहो, पाया पडत होता की सगळे!"

गुरव तंबाखू मळत होता. "पाया पडायला काय जातंय? मान खालीच असती. बोर्डाच्या खुर्चीवर बशीवलं की रोज वर बगाया लागतंय. ज्येच्या हातावर आपलं भ्यालेपण ठिवलं, त्येला साऱ्या जिल्ह्याच्या म्होरं बशीवायचं, आन् रोज त्येच आठवायचं... न्हाई जमलं बाबा लोकांस्नी. मलाबी न्हाई."

मला गुरवाचा राग आला आणि तो लगेच ओसरला, कारण तो खरं सांगत होता.

त्यानंतरचे दिवस वाईट. हरलेल्या माणसानं तोंड लपवावं, अशी जगाची रीत. इथं उलटं झालं. अण्णा रोजच्यासारखे मळ्यात जायचे आणि गाव त्यांच्यापासून तोंड लपवायचं. ते पाराशी आले की बोलणं थांबायचं. पाणवठ्यावरच्या बायका घागरी अर्ध्या भरून निघून जायच्या. न्हाव्यानं दाढी करताना एक शब्द काढला नाही. जवळजवळ कुणीच मत दिलं नव्हतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, अण्णांना माझंच नाव ठाऊक आहे. अण्णांनी दोन-तीनदा आपणहून हाका मारल्या, थट्टा केली. लोक हसायचे, पण जमिनीकडे बघून.

एका सकाळी ते इंजिनापाशी आले. म्हणाले, "मी बेळगावकडं लेकीकडं जातोय. तुजी वैनीबी. मळा भाऊकडं. इंजिन तूच चालीव, तसं त्याला सांगितलंय."

ते जाताहेत हे ऐकताच माझ्या मनात पहिला विचार नोकरीचा आला होता आणि त्यांनी तो मी तोंड उघडायच्या आत मिटवला होता. मी कसंबसं विचारलं, "किती दिवस?"

"मी हितं हाय तवर ह्या लोकांना वर बघता यायचं न्हाई रं. गाव हाय, त्याला जगायचंय. मी काय, कुठंबी जगतो."

"पण चूक त्यांची आहे अण्णा. तुम्ही कशाला जायचं?"

"चुकी कुणाची, ते मला ठरवता यीना," ते म्हणाले. "मी परत घिऊन दाखीवलं न्हवं? घरात बसून एकेकाला मोकळं करता आलं असतं. मी देवळाच्या पायरीवर हुबा ऱ्हायलो. मला बरं वाटावं म्हणून साऱ्या गावाला खाली बघाय लावलं."

मी उठून बैलगाडीच्या चाकांना वंगण घालायला घेतलं.

मिरजेला आगगाडी गाठायची म्हणून आम्ही सकाळी निघालो. मोटार केव्हाच परत गेली होती, बैलगाडी होती. मी हाकत होतो. मागं वैनी आणि दोन ट्रंका, माझ्या शेजारी अण्णा. गल्लीतली सगळी दारं पुढं ओढलेली होती. पेठ उघडायची वेळ असून दुकानाच्या फळ्या लागलेल्या. कुत्रंसुद्धा दिसेना.

वरच्या आळीच्या तोंडाशी म्हातारी मात्र रस्त्याच्या मधोमध उभी होती, नातवाला बोटाशी धरून. मी बैल आवरले. तिनं सरळ अण्णांच्या डोळ्यांत बघितलं.

"आण्णा, ह्या टायमालाबी मी तुमाला मत दिलं न्हाई. सुबेदारास्नीच दिलं."

अण्णा हसले. भंडाऱ्याचं कळल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. "ठावं हाय मला. म्हणून तर तू हुबी हायस."

तिनं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाजूला झाली. गाडी वेशीबाहेर पडली. नदीकडच्या उताराला लागलो तेव्हा मागं एक कडी वाजली. मग दुसरी. मग एकामागून एक दारं उघडल्याचे आवाज यायला लागले. पावलं वाजली, पण कुणी हाक मारली नाही. मी मान वळवणार, तोच अण्णांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला.

"म्हागं बघू नगंस," ते हळूच म्हणाले. "आलेत बाहीर. बघू दे त्यांना."